इंगेलाचा धोटा

स्वीडनमधल्या ओरेब्रोच्या बहिऱ्यांच्या क्लबात रुंडक्विस्ट घराण्याबद्दल एक चेष्टा ठरलेली होती. या घरातलं मूल हातांनी 'नाही' आधी शिकतं, 'आई' मागाहून. इंगेला त्या घरातली एकुलती एक लेक. आई बहिरी, बाप बहिरा, लेकही बहिरी. घरातलं सगळं बोलणं हातांचं, आणि हातांच्या बोलण्यात जेवढा म्हणून गोंगाट मावतो तेवढा त्या घरात होता. जेवताना कुणी मान खाली घालून बटाटा सोलायला घेतला, की दुसरा टेबलावर थाप मारायचा, "इकडे बघ, मी बोलतोय!" ताटल्या उडायच्या, कॉफी सांडायची, आणि भांडण पुढे चालू. या गोष्टीत 'म्हणाली' असं जिथे जिथे येईल, तिथे बहुतेक वेळा ते हातांनीच म्हटलेलं आहे. दर वेळी वेगळं सांगत बसणार नाही.

बाप एव्हर्ट कुमलाच्या बुटांच्या कारखान्यात तळ शिवायचा. त्याच्या लहानपणी शाळेत खुणा करायला बंदी होती. ओठ वाचा, तोंडाने बोला, हात हलले तर पट्टी. मुलं हात मांडीखाली दाबून बसत आणि मधल्या सुट्टीत अंगणाच्या कोपऱ्यात सगळं साठलेलं एकदम बोलून घेत. एव्हर्ट म्हणायचा, "माझ्या हातांनी पुरता तुरुंग भोगलाय. आता ते कुणाच्या बापाचं ऐकणार नाहीत." इंगेला शाळेत गेली तोवर दिवस पालटले होते, बाई स्वतः खुणांनी शिकवत होत्या. पण बापाचा तो राग तिच्या रक्तात आयता आला, डोळ्यांच्या निळ्या रंगासारखा.

आई गुनवोर घरच्या मागावर चिंध्यांच्या सतरंज्या विणायची. इंगेला मागाशेजारी बसून धोटा बघत राहायची. इकडून तिकडे, तिकडून इकडे. थांबला की वीण थांबली.

ती शाळेत असतानाच घरात टेक्स्ट-टेलिफोन आला. टाइपरायटरसारखी कळपाटी, वर एवढीशी हिरवी पट्टी, आणि मागे फोनची तार. इथे एक अक्षर दाबलं की तिथे ते एक अक्षर उमटायचं, त्याच क्षणी. पहिल्या संध्याकाळी एव्हर्टने माय-लिसला फोन लावला. माय-लिस क्लबातली मैत्रीण, टपाल कचेरीत पत्रं निवडायची, जिभेने नव्हे पण हातांनी अख्ख्या गावात तिखट. एव्हर्टने एका बोटाने टिपायला घेतलं: "आज कारखान्यात मुकादमाशी माझं जरा", आणि एवढ्यात वाक्याच्या पोटातच तिची अक्षरं येऊन पडली: "भांडलास ना? मला वाटलंच होतं!"

एव्हर्ट खुर्चीतून उठून उभा राहिला. बायकोला, लेकीला खांद्याला धरून त्याने पट्टी दाखवली. "बघा, बघा! तिने मला मधेच तोडलं! आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी फोनवर मधेच तोडलंय!"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ऐकत्या माणसांना हे कळायचं नाही. त्यांना जन्मभर कुणी ना कुणी मधेच तोडत असतं आणि ते वैतागतात. इंगेलाला मात्र त्या संध्याकाळी जे कळलं ते कायमचं. पत्र वेगळं आणि बोलणं वेगळं. समोरचा अडखळतो, शब्द खोडतो, पुन्हा धरतो, तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत हसतो, तेव्हा ते बोलणं.

पुढे ती संगणक शिकली. ओरेब्रोतल्याच एका कचेरीत प्रोग्रॅम लिहायच्या नोकरीला लागली. लग्न केलं, मोडलं, पुन्हा केलं नाही. बाप गेला, मागोमाग आई गेली. मग हळूहळू फोनच्या जुन्या तारा बंद होऊ लागल्या आणि तारांबरोबर टेक्स्ट-टेलिफोनही अडगळीत गेले. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले होते. क्लबातली तरुण पोरं म्हणाली, झकास, आता खिशातून बोलता येतं.

माय-लिसने एक महिनाभर नवा फोन वापरला आणि हेरिंग माशांच्या जेवणाला क्लबात आली ती पेटलेलीच.

"हे बोलणं आहे? हे पत्र टाकणं आहे! लिहा, मग ते 'पाठवा'चं बटण दाबा, मग वाट बघा. मी जन्म काढला पत्रं निवडण्यात, आता माणसांशीही पत्रानंच बोलू?"

"समोरचा लिहितोय ते दिसतं की," कुणीतरी म्हणालं. "तीन टिंबं नाचतात."

"टिंबं!" माय-लिसने काटा ताटलीवर आपटला. "टिंबांवरून मला काय कळणार, तो प्रेमाचं लिहितोय की त्याला शिंक आलीय?"

सगळे हसले. इंगेला हसली नाही. तिने समोरचा बटाटा तसाच टाकला आणि म्हणाली, "मी करते."

"काय करतेस?"

"बोलणं परत आणते."

तिने जे केलं ते लोकांना दिसण्यासारखं काही नव्हतं. तिने फोनवर उघडायचं ॲप बनवलं नाही, तर लायब्ररी बनवली. म्हणजे तयार कोडचा असा संच, जो कुणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये उचलून बसवावा. तिचं काम एकच. तुमच्या हातातलं यंत्र आणि लांबचा सर्व्हर यांच्यात एक वाट कायम उघडी ठेवायची आणि इकडचं अक्षर तिकडे, तिकडचं इकडे, जन्मल्या क्षणी पोचवायचं. मधेच जोडणी तुटली, गाडी बोगद्यात शिरली, तर जिथे तुटलं तिथूनच पुढे धरायचं. एक अक्षर हरवता कामा नये आणि एकही दोनदा येता कामा नये. हे सांगायला सोपं, करायला मात्र तिच्या अनेक सुट्ट्या, दोन उन्हाळे आणि एक जुळत आलेली मैत्री खर्ची पडली. नाव तिने ठेवलं 'स्क्युटेल', म्हणजे मागावरचा धोटा. आणि तो सगळा कोड उघड्यावर ठेवून दिला. ज्याला हवा त्याने घ्यावा.

क्लबाने त्यावर आपलं छोटं बोलायचं ॲप बांधलं. पहिल्याच संध्याकाळी माय-लिस आणि इंगेला त्यावर कडकडून भांडल्या, शेपू बटाट्यात उकडताना घालायचा की नंतर, यावरून. दोघी एकाच वेळी टिपत होत्या. माय-लिसने मधेच "हाहाहा" असं इंगेलाच्या तोंडावर फेकलं, आणि इंगेला कितीतरी वेळ त्या तीन हास्यांकडे बघत बसली.

मग भलतंच झालं. धोटा गेमवाल्यांना सापडला. त्यांच्या खेळात हजारो माणसं एका वेळी पळतात, उड्या मारतात, बाण सोडतात, आणि एकाने सोडलेला बाण दुसऱ्याला तत्काळ दिसायला हवा. त्यांना अशीच वाट हवी होती. जगभरचे प्रोग्रॅमर इंगेलाला चुका कळवू लागले, दुरुस्त्या पाठवू लागले. ती एकटी पुरी पडेना. मदतीला आले त्यात स्टॉकहोमच्या एका मोठ्या गेम कंपनीची माणसं सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत नेमाने काम करणारी. त्यांच्यातला रिकार्ड आल्मक्विस्ट तर खुणांची भाषाही थोडी शिकला. 'माझं नाव रिकार्ड' म्हणायला जायचा आणि 'माझं नाव कांदा' म्हणायचा. इंगेलाला तो आवडायचा. कारभार बघायला तिने मंडळ नेमलं, आणि बघता बघता त्या मंडळात ती सोडून बाकी सगळे त्याच कंपनीचे झाले. तिला ते दिसत होतं. पण काम चांगलं चाललं होतं, आणि चांगल्या चाललेल्या कामात माणूस वेड्यासारखा निर्धास्त राहतो.

एका हिवाळ्याच्या शेवटी रिकार्डचा प्रस्ताव आला. नव्या आवृत्तीतून अक्षरागणिक बोलण्याची सोय काढून टाकायची. मजकूर सर्व्हरवर थांबेल, वाक्य पुरं होईल, त्यात शिवीगाळ नाही ना हे तपासलं जाईल, मगच पुढे जाईल.

कारण खोटं नव्हतं. त्यांच्या खेळात लहान मुलं असत आणि मोठी माणसं त्यांना नको नको ते लिहीत. एका आईने कंपनीला लिहिलेलं पत्र रिकार्डने इंगेलाला दाखवलं. ते तिने दोनदा वाचलं.

तिने लिहिलं: "तुमच्या दारात पहारेकरी बसवा. हवे तितके बसवा, मी मदत करते. पण त्यासाठी माझा रस्ता का बुजवता?"

रिकार्डने लिहिलं: "दोन रस्ते ठेवले तर दोन्ही तपासत बसावं लागतं. आणि सोय राहिली तर कुणीतरी ती चालू करणारच. आमचे वकील विचारतात, न तपासलेलं अक्षर पलीकडे जायची काही वाट आहे का? मला 'नाही' म्हणता आलं पाहिजे."

"मलाही 'नाही' म्हणता येतं," इंगेलाने लिहिलं. "नाही."

हा वाद इंटरनेटवर, सगळ्यांना दिसणाऱ्या उघड्या पानावर चालला होता. लोक येऊन मतं टाकत. कुणी लिहिलं, ही सोय वापरणारे मूठभर आहेत. कुणी लिहिलं, जुन्या आठवणींसाठी नवं काम अडवू नये. इंगेला प्रत्येकाला उत्तर देत होती आणि दर उत्तरागणिक तिची भाषा तापत होती.

त्याच वसंतात तो प्रकार घडला.

दुपारची वेळ. इंगेला स्वयंपाकघरात उभ्याउभ्या कुरकुरीत राय-पावावर लोणी लावत होती आणि फोनवर माय-लिसची अक्षरं धावत होती. यंदाचे पहिले बटाटे आले होते आणि ती ते कसे शिजवले हे इंगेलाला चिडवायला मुद्दाम सांगत होती. "उकडताना शेपू घातला आणि आता वरून लो", इथे अक्षरं थांबली. मग "ललल" आलं. मग बराच वेळ काही नाही. मग "लो न आ त", मग एक सुटा स्वल्पविराम, मग एक भलतंच अक्षर, आणि मग काहीच नाही.

माय-लिस चिडली की अक्षरं थांबत नसत, दुप्पट येत. इंगेलाने लिहिलं, "काय झालं?" उत्तर नाही. तिने सुरी टाकली, जिन्याने खाली धावली, शेजारच्या ऐकत्या बाईला, बेरितला, हाताला धरून फोनपाशी ओढलं आणि कागदावर पत्ता लिहून खाली तीन रेघा ओढल्या: अँब्युलन्स. आणि स्वतः सायकल काढून नदीपलीकडे सुटली.

ती पोचली तेव्हा माणसं दार फोडत होती. माय-लिस स्वयंपाकघराच्या जमिनीवर होती, फोन तिच्या डाव्या हातात. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. डोकं शाबूत राहिलं, तिखटपणा शाबूत राहिला, उजवा हात मात्र गेला.

ऐकत्या माणसाचा हात गेला तर हात जातो. बहिऱ्या माणसाचा हात गेला तर अर्धी जीभ जाते. इस्पितळात माय-लिस डाव्या हाताने खुणा करू लागली आणि तिची वाक्यं अर्धवट हवेत लोंबू लागली. पहिल्या दिवशी इंगेलाला काही उमगेना. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि माय-लिसने तोंड भिंतीकडे फिरवलं. इंगेला बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि हुंदके देऊन रडली.

चार-आठ दिवसांनी ती पुन्हा गेली तेव्हा माय-लिस उशीला टेकून बसली होती. डाव्या हाताने सावकाश म्हणाली, "आता माझं बोलणं डेनिश लोकांसारखं झालंय ना? अर्धं गिळलेलं."

"डेनिश तरी बरे," इंगेला म्हणाली.

"गाढवे," माय-लिस म्हणाली, आणि ती खूण एका हाताचीच असल्यामुळे अगदी स्वच्छ कळली.

त्यानंतर ती फोनवर डाव्या बोटाने टिपू लागली. एक अक्षर, थांबा, शोधा, दुसरं अक्षर. शब्द अर्ध्यावर आला की इंगेला तो ओळखून पुढे बोलायची आणि माय-लिसचे कष्ट वाचायचे. चुकीचा ओळखला तर शिव्या बसायच्या. 'पाठवा'चं बटण असतं, तर माय-लिसचं एक वाक्य यायला कॉफी निवली असती, आणि दुसरं तिने लिहिलंच नसतं.

शरदात मंडळाची बैठक स्टॉकहोमला कंपनीच्या कचेरीत ठरली. नव्या आवृत्तीवर मत घ्यायचं होतं. इंगेला निघाली तेव्हा स्टेशनवर चाकांच्या खुर्चीत माय-लिस तिच्याआधी येऊन बसलेली.

"तुला कुणी बोलावलंय?"

"मला आयुष्यात कुठे कुणी बोलावलंय?" माय-लिस म्हणाली. "ढकल."

कचेरीत दालचिनीचे पाव होते, कॉफी होती, चांगली दुभाषी होती. रिकार्ड दारापर्यंत घ्यायला आला. त्याने माय-लिसला वाकून स्वतःचं नाव सांगितलं. माय-लिस इंगेलाकडे वळून म्हणाली, "हा मुलगा स्वतःला कांदा का म्हणतो?"

इंगेला बोलायला उठली. तिने काहीही तयारी करून आणली नव्हती. घडलं ते सांगितलं: बटाटे, शेपू, 'लो', मग ती तुटकी अक्षरं. दुभाषीचा आवाज एका जागी अडकला हे तिला ऐकू आलं नाही, पण समोरच्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं.

"त्या वाक्याचं बटण तिने कधीच दाबलं नसतं," ती म्हणाली. "तुमची नवी आवृत्ती असती, तर सर्व्हर वाक्य पुरं व्हायची वाट बघत बसला असता. मी पाव खात बसले असते."

रिकार्ड म्हणाला, "इंगेला, हे भयंकर आहे. पण हे काम आपत्कालीन सेवेचं आहे. आपण ती सेवा नाही."

"तो आपत्कालीन फोन नव्हता! ती बटाट्यांबद्दल बोलत होती. माणसं मरताना नंबर फिरवून मरत नाहीत रे. बोलता बोलता मरतात."

"माझ्यापुढे त्या मुलांची पत्रं आहेत. मला दोन्ही सांभाळता येत नाही."

"तुला सांभाळायचं नाहीये. येत नाही, असं म्हणू नकोस."

माय-लिसने डावा हात वर केला. सगळे तिच्याकडे वळले. तिने सावकाश काहीतरी म्हटलं, आणि दुभाषीने इंगेलाकडे मदतीसाठी पाहिलं. इंगेलाने ते पुन्हा, दोन्ही हातांनी म्हटलं: "ती म्हणतेय, माझ्या शाळेतले मास्तरही वाईट नव्हते. त्यांचंही म्हणणं, आमच्या भल्यासाठीच आहे असं होतं. म्हणून ते आमचे हात धरून ठेवायचे."

रिकार्डचा चेहरा लाल झाला. मग अध्यक्षाने मत मागितलं. नव्या आवृत्तीच्या बाजूने कोण, हात वर करा.

ऐकत्या लोकांचे हात एरवी मुके असतात. नुसते कप धरतात, खिशात जातात. आज ते बोलले तेही एकच शब्द, आणि तोही इंगेलाविरुद्ध. रिकार्डचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला.

बैठकीनंतर अध्यक्षाने तिला फार आदराने सांगितलं, की मंडळाची इच्छा आहे, तिने मानद संस्थापक म्हणून राहावं. संकेतस्थळावर तिचा फोटो असेल. दर वार्षिक मेळाव्यात तिचं भाषण असेल. आणि हो, 'स्क्युटेल' हे नाव कंपनीने रीतसर नोंदवून घेतलंय, गैरवापर होऊ नये म्हणून, तेव्हा ते आता मंडळाकडेच राहील.

इंगेलाने दुभाषीचं संपू दिलं. मग म्हणाली, "मला देव्हाऱ्यात बसवून पुढ्यात घंटा वाजवायची असेल, तर तसदी घेऊ नका. मला ती ऐकू येणार नाही."

आणि माय-लिसची खुर्ची वळवून ती चालती झाली. दारात माय-लिसने तिला थांबवलं, मागे बोट दाखवलं. तिचा दालचिनीचा पाव राहिला होता. तो उचलून आणावा लागला. रुबाबात निघून जाण्याची जी काही शोभा होती, ती त्यात गेली.

परतीच्या गाडीत इंगेला खिडकीबाहेर बघत बसली होती. माय-लिसने तिच्या गुडघ्यावर थाप मारली.

"नाव घेतलं?"

"घेतलं."

"आणि कोड?"

"कोड उघडा आहे. सगळ्यांचा आहे. माझाही."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. चिडलेय."

"चिडलीस ना, मग घे की उचलून. दुसरं नाव ठेव."

"काय ठेवू?"

माय-लिसने आपला चांगला हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट करून पाहिला. "वेन्स्टर," ती म्हणाली. डावा. "मला आता एवढाच उरलाय, आणि तुलाही."

हे काम दिसतं तितकं सरळ नव्हतं. कोड उचलणं हे एका क्षणाचं काम, पण त्याची जबाबदारी एकटीने उचलणं म्हणजे जन्माचं जोखड. कंपनीची हुशार माणसं आता पलीकडे होती. पहिल्या हिवाळ्यात वेन्स्टर दर आठवड्याला कुठे ना कुठे मोडायचं. क्लबातली माणसं तपासायला बसायची. त्यांतल्या कुणालाही कोड येत नव्हता, पण अक्षर कुठे अडकलं हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कुणीतरी हात उडवून ओरडायचं, "पुन्हा खाल्लं एक!" कामाच्या ठिकाणी वरिष्ठ म्हणाले, इंगेला, तू थकलेली दिसतेस, हा नाद सोड. परदेशातला एक जुना सहकारी, ज्याला ती मित्र मानायची, त्याने उघड्या पानावर लिहिलं की हा निव्वळ अहंकार आहे, आणि एका माणसाच्या हट्टावर चालणारी लायब्ररी कुणी शहाणा वापरणार नाही.

त्याला तिने उत्तर दिलं नाही. पान छापून स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलं. बेरित कॉफीला आली की वाचायची आणि कागदावर लिहून विचारायची, "हे काढ ना आता, कशाला जिवाला लावून घेतेस?" इंगेला त्याखाली लिहायची, "इंधन आहे."

शहाणे आले नाहीत, गरजवंत आले. ज्या इस्पितळात माय-लिस होती तिथल्या वाचा-उपचाराच्या विभागाने वेन्स्टर घेतलं. झटक्याने ज्यांचा आवाज गेलाय, ती माणसं टिपताना कुठे अडखळतात हे तिथल्या बाईंना बघायचं होतं, आणि पुरं झालेलं वाक्य त्यांच्या काही उपयोगाचं नव्हतं. नॉर्वेच्या उत्तरेकडून एका अंध-बहिऱ्या माणसाने लिहिलं. तो ब्रेलच्या पट्टीवर बोटांनी वाचायचा आणि त्याला बायकोचं बोलणं बोटांखाली घडताना हवं होतं. बेल्जियममधल्या दोन बहिणींनी दुरुस्त्या पाठवायला सुरुवात केली, इतक्या नेटक्या, की इंगेलाने त्यांना आपल्याइतकेच अधिकार देऊन टाकले. मात्र या वेळी आधी विचारून घेतलं, "तुम्ही कुणाची नोकरी करता?" धाकटी म्हणाली, "मी फुलं विकते."

कंपनीचं काहीच बिघडलं नाही, हेही सांगायला हवं. त्यांची नवी आवृत्ती उत्तम चालली. मुलांना येणारी घाण कमी झाली, आणि त्याचा इंगेलालाही आनंदच झाला. तिने तसं उघड्या पानावर लिहिलं. लोकांना वाटलं, आता हिने हार मानली. त्याच दिवशी तिने वेन्स्टरची पुढची आवृत्ती काढली.

दोन-तीन वर्षं गेली. माय-लिस खुर्चीतून उठून काठीवर आली. आणि एका सकाळी रिकार्डचा निरोप आला: बोलायचंय, कुठे भेटू?

इंगेलाने त्याला वेन्स्टरवर बोलावलं.

तो आला. त्याची अक्षरं दिसू लागली: "तुझी माफी". थांबली. एकेक करून खोडली गेली. मग: "आम्हाला खेद". तेही खोडलं. मग: "कंपनीने पुनर्विचार केला आहे."

"पहिलं काय होतं ते मी पाहिलंय," इंगेलाने लिहिलं. "खोडू नकोस. इथे खोडलेलंही दिसतं."

मग आलं: "विसरलो होतो. माफी माग", आणि तिने मधेच तोडलं: "मागितलीस. पुढे बोल."

पुढचं असं, की त्यांच्याच खेळातल्या बहिऱ्या खेळाडूंनी मागणी लावून धरली होती. मोठी माणसं, आपापसांत खेळणारी. त्यांना खेळता खेळता बोलायचं होतं, पत्रं टाकायची नव्हती. कंपनी आता तयार होती. अक्षरागणिकची सोय परत घ्यायची, वेन्स्टर स्क्युटेलमध्ये मिळवून टाकायचं. तिचं नाव, मान, सगळं परत.

"सोय कुठे असेल?"

"सेटिंगमध्ये. आतल्या पानावर. विशेष सवलत म्हणून."

"चालू की बंद?"

"आधी बंद. ज्याला हवी तो विनंती करू", आणि इथे त्याची अक्षरं आपोआप मंदावली, कारण तिची आधीच यायला लागली होती.

"विनंती? माझ्या बापाला शाळेत लघवीला जायलासुद्धा तोंडाने विनंती करावी लागायची, ती त्याला कधी जमली नाही. मोठ्यांच्या खेळात चालू ठेवा, मुलांच्या खेळात बंद ठेवा. एवढं लिहून द्या, मी आजच्या आज सगळं तुमच्या हवाली करते. सवलत म्हणून नाही."

"वकील ऐकणार नाहीत."

"मग तेही माझ्यासारखेच."

यावर रिकार्डने 'हा' एवढं एकच अक्षर उमटवलं, आणि ते हसू होतं की नाही ते तिला ठरवता येईना. मग त्याने लिहिलं: "इंगेला, तू हे नाकारलंस तर वेन्स्टर लहानच राहील. कायमचं."

"राहू दे."

"तुला कळतंय का, तू काय सोडतेयस?"

"मी काही सोडत नाहीये, रिकार्ड. तुम्ही सोडलंत. मी धरलंय."

पलीकडे अक्षरं आली, गेली, पुन्हा आली. 'पण', खोडलं. 'निदान', खोडलं. तिने कॉफीचा घोट घेतला आणि त्याला हवा तितका वेळ दिला. शेवटी एक वाक्य सावकाश, एकेक अक्षर करत उमटलं: "तू फार हट्टी बाई आहेस."

तिने वाट पाहिली. ते त्याने खोडलं नाही.

"खरं बोललास," तिने लिहिलं. "आता त्या खेळाडूंना माझा पत्ता दे. त्यांना कुणाची परवानगी लागणार नाही."

त्याने पत्ता दिला की नाही हे तिने कधी विचारलं नाही. पण तो महिना संपायच्या आत त्या खेळाडूंनी आपलं आपण वेन्स्टर बसवून घेतलं, खेळाच्या शेजारच्या खिडकीत, कंपनीला न विचारता. त्यांनी कळवलेल्या पहिल्या तीन चुका इंगेलाने दुरुस्त केल्या. चौथीवर आजही वाद चालू आहे. इंगेला म्हणते, ती चूक नाहीच.